सिनेमाला गेलो, गाणं पदरात पडलं

‘निंबोणीच्या झाडामागे’ ही अंगाई घराघरांत इतकी मुरली आहे की ती कुणी लिहिली, चाल कुणाची, असा प्रश्नच सहसा कुणाला पडत नाही. आजीने आईला म्हटली, आईने आपल्याला, तेव्हा ती जुनीच असणार, पारंपरिकच असणार. प्रत्यक्षात ती मधुसूदन कालेलकरांनी लिहिली, मूळच्या गोव्याच्या एन. दत्तांनी तिला चाल लावली, सुमन कल्याणपूर गायल्या, आणि लोकांपर्यंत ती पोचली १९७७ साली, ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ या चित्रपटातून. ‘या चिमण्यांनो परत फिरा रे’ ऐकताना ज्यांचा गळा दाटतो त्यांच्यापैकी कितीजणांनी १९६८ चा ‘जिव्हाळा’ पाहिला असेल? गदिमांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, लताबाईंचा स्वर, एवढं पुष्कळांना तोंडपाठ असतं. सिनेमाचं नाव विचारलं की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात. अलीकडचं घ्यायचं तर ‘दिस चार झाले मन’. सौमित्र, अशोक पत्की, साधना सरगम. ‘आईशप्पथ’ हा सिनेमा २००६ चा, म्हणजे काही फार जुना नव्हे, पण गाण्याने त्याला केव्हाच मागे टाकलं.

हे पुस्तक अशा गाण्यांविषयी आहे. शिवाय नेमका उलटा प्रवास केलेल्या गाण्यांविषयीही आहे: जी आधी गाथेत, शाहिराच्या बाडात, कवितासंग्रहात किंवा रंगभूमीवर होती आणि सिनेमाच्या वाटेने आपल्याकडे आली. दोन्ही बाबतीत घडतं ते एकच. माणूस गोष्ट बघायला तिकीट काढतो आणि ध्यानीमनी नसताना एक गाणं त्याच्या गळ्यात पडतं. त्याने ते शोधलेलं नसतं. शोधायचं म्हटलं असतं तर कुठे शोधायचं हेही त्याला ठाऊक नसतं. अभंग ऐकायला तो कीर्तनाला गेला असता की नाही कोण जाणे. कवितेचं पुस्तक तर त्याने बहुधा उघडलंच नसतं. मराठी समाजाला त्याच्या स्वतःच्या काव्याची ओळख करून देण्याचं काम शाळा आणि ग्रंथालयांनी केलं तेवढंच, किंबहुना काकणभर जास्तच, सिनेमागृहांनी केलं, असं माझं मत आहे. सिनेमागृहांना याची कल्पनाही नव्हती. त्यांना फक्त पुढचा खेळ वेळेवर लावायचा होता.

सुरुवात १९३६ पासून करू. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ त्या वर्षी आला. दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, केशवराव भोळ्यांचं संगीत, आणि तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, जे आधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. मुंबईत हा चित्रपट वर्षाहून जास्त काळ चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली, हे सगळं सिनेमाच्या इतिहासात येतंच. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. या चित्रपटात तुकोबांचे खरे अभंग आहेत आणि त्यांच्या जोडीला ‘आधी बीज एकले’ हे एक गाणं आहे. ते तुकोबांचं नाही. ते प्रभातचे गीतकार शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलं. पण शब्दांची ठेवण, विचाराचा वळसा, भोळ्यांची साधी चाल आणि पागनीसांचा तल्लीन चेहरा, हे सगळं असं काही जमून आलं की लोकांनी ते तुकोबांच्या खात्यावर जमा करून टाकलं. भाविकांचं सोडा, जाणकारही गाथा उघडून तो अभंग शोधू लागले. आजही भजनी मंडळात तो इतर अभंगांच्या मांडीला मांडी लावून बसतो.

याच चित्रपटात सालोमालो नावाचा खलनायक आहे. तुकोबांचे अभंग तो आपल्या नावावर खपवतो, वर तुकोबांनीच आपलं काव्य चोरलं अशी आवई उठवतो. पडद्यावर तुकोबांचं काव्य दुसऱ्याच्या नावावर जातंय आणि पडद्याबाहेर दुसऱ्याचं काव्य तुकोबांच्या नावावर! आठवल्यांना यात दुःख झालं असेल की अभिमान वाटला असेल? संताच्या शब्दांत आपला शब्द मिसळून जावा आणि कुणाला सांधा दिसू नये, याहून मोठी पावती गीतकाराला कुठली मिळणार? पण पावतीवर नाव दुसऱ्याचं असतं. या संग्रहातल्या बऱ्याच गाण्यांची हीच कथा आहे, म्हणून प्रत्येक गाण्यापाशी गीतकाराचं नाव आम्ही मोठ्या ठशात छापलं आहे.

मोठ्या ठशात, असं मुद्दाम म्हणतो, कारण सिनेमाच्या गाण्यांचे शब्द लोकांच्या हाती पहिल्यांदा आले ते चोपड्यांमधून, आणि चोपड्यांमध्ये गीतकार जवळजवळ बेपत्ता असायचा. थिएटरच्या दारात एखाद-दोन आण्यांना मिळणाऱ्या त्या पातळ पुस्तिका ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो. हलका, पिवळट पडणारा कागद. वर नायक-नायिकेचा फोटो, तोही छपाईत इतका काळवंडलेला की ओळखायला नावं वाचावी लागत. आत कलावंतांची यादी. मग कथासार, जे ऐन वळणावर येऊन थांबायचं आणि पुढे काय होतं ते रुपेरी पडद्यावर पाहा अशी प्रेक्षकाची बोळवण करायचं. त्यानंतर गाणी, एकाखाली एक, जागा वाचवण्यासाठी ओळी मोडून जोडून. गीतकाराचं नाव श्रेयनामावलीत एकदाच, संगीतकाराच्या शेजारी. एका सिनेमाला दोन गीतकार असले तर कुठलं गाणं कुणाचं हे चोपडीवरून कळायचं नाही. तरीही गावोगावच्या तंबू थिएटरांतून, जत्रेतल्या खेळांतून या चोपड्या घरी गेल्या, चुलीमागच्या फळीवर राहिल्या, आणि बायाबापड्यांनी त्यातली गाणी जात्यावरच्या ओव्यांच्या जोडीला म्हटली. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांना ती वाचून दाखवणारं घरात एखादं पोर असायचंच.

१९३७ च्या ‘कुंकू’चा उल्लेख इथे केल्याशिवाय राहवत नाही. व्ही. शांतारामांच्या या चित्रपटात म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधली गेलेली आणि ते लग्न मान्य न करणारी नीरा, म्हणजे शांता आपटे, चक्क लाँगफेलोची ‘अ साम ऑफ लाइफ’ ही इंग्रजी कविता गाते. संगीत पुन्हा केशवराव भोळे. अमेरिकन कवी, पुण्यात तयार झालेला मराठी चित्रपट, आणि समोर बसलेला प्रेक्षक, ज्यातल्या कित्येकांना इंग्रजीचा गंध नाही. तरी त्या प्रसंगाचा अर्थ त्याला कळला. शब्द कळण्याआधी गाणं कळू शकतं, हे सिनेमाने इतक्या लवकर सिद्ध करून ठेवलं होतं.

होनाजीची कथा तशी सरळ आहे, म्हणून थोडक्यात. पेशवाईच्या उतरत्या काळातला हा गवळी समाजातला शाहीर. काव्य त्याचं आणि गळा त्याचा जोडीदार बाळा याचा, म्हणून जोडनाव होनाजी बाळा. १९५१ साली राजकमलने ‘अमर भूपाळी’ काढला. पंडितराव नगरकर होनाजी झाले, वसंत देसाईंनी चाली दिल्या, आणि ‘घनश्याम सुंदरा’ नगरकर आणि लताबाईंच्या आवाजात महाराष्ट्राच्या सकाळीचा भाग झाली. शंभर वर्षांपूर्वीचा शाहीर एका चित्रपटामुळे रोज पहाटे घरात येऊ लागला. ध्वनिमुद्रणासाठी त्या चित्रपटाचं कान महोत्सवातही कौतुक झालं. इथे मात्र लोकांनी कौतुक केलं ते रेडिओचा कान पिळून आवाज वाढवून.

रेडिओचं नाव निघालं आहे तर एक सांगायला हवं. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. त्यांना चित्रपटगीतांचं वावडं होतं. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते काटा फिरवून रेडिओ सिलोनकडे वळले. केसकर स्वतः मराठी, शास्त्रीय संगीताचे चाहते. हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण लोकांच्या कानाला शिस्त लावायची तर लोक दुसरं स्टेशन लावतात, हे सरकारला पाच वर्षांनी उमगलं आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. पुढे मराठी घरांत ‘आपली आवड’ आणि ‘कामगार सभा’ यांनी जे काम केलं त्याला तोड नाही. निवेदक गाण्याआधी चित्रपट, गीत, संगीत, स्वर अशी चार नावं सांगायचा. सिनेमाचं नाव गाण्याला आडनावासारखं चिकटायचं. माणूस कधी भेटलेला नसला तरी आडनाव पाठ असतं, तशी न पाहिलेल्या सिनेमांची नावं एका पिढीला पाठ झाली.

तमाशापटांवर या प्रस्तावनेत मी रेंगाळणार नाही. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ चा, पुण्याच्या विजयानंदमध्ये तो १३१ आठवडे चालला, आणि गदिमा, वसंत पवार, आशाबाई यांच्या ‘बुगडी माझी सांडली गं’ने फडावरची लावणी पांढरपेशांच्या दिवाणखान्यात नेऊन बसवली, एवढं सांगितलं तरी पुरे. त्या लावणीचं आणि फडावरच्या खऱ्या लावणीचं नातं काय, सिनेमाने तिची धार बोथट केली का, यावर आतल्या लेखात विस्ताराने लिहिलं आहे. माझ्या मते केली. पण नाहीतर ती ऐकलीच नसती असे श्रोतेही हजारोंनी होते, हेही खरं.

मला रमायचं आहे ते १९७५ नंतरच्या पंधरा वर्षांत. नवकवितेनंतरची मराठी कविता वाचकांना अवघड वाटू लागली होती. संग्रहाच्या आवृत्त्या निघायला वर्षं लागत. नेमक्या त्याच सुमारास काही दिग्दर्शकांनी आणि संगीतकारांनी ही कविता उचलून सिनेमात आणली. जब्बार पटेलांच्या ‘सामना’त, १९७५ मध्ये, साखरसम्राट हिंदुराव आणि दारूत बुडालेला मास्तर यांच्या झगड्यामागे ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’ ऐकू येतं. कवी आरती प्रभू, संगीत भास्कर चंदावरकर, आवाज रवींद्र साठे. आरती प्रभू हे चिं. त्र्यं. खानोलकरांचं नाव, हे कवितेच्या वाचकाला ठाऊक; सिनेमाच्या प्रेक्षकाला ते ठाऊक असण्याची गरज नव्हती. निळू फुले आणि डॉक्टर लागू यांची जुगलबंदी बघायला आलेला माणूस बाहेर पडताना एक गूढ, जडशीळ कविता गुणगुणत होता. हे कुठल्या काव्यवाचनाला साधलं असतं?

चार वर्षांनी ‘सिंहासन’ आला, त्यात सुरेश भटांचं ‘उषःकाल होता होता’. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा हा राजकारणाचा सिनेमा. हृदयनाथांच्या चालीत आशाबाईंनी गायलेलं हे गाणं तिथून जे निघालं ते मोर्चांत आणि चळवळींच्या सभांत जाऊन पोचलं. मग १९८२ चा ‘उंबरठा’. भटांची ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ ही गझल पुस्तकात वाचा: विरहाची, आठवणींची, तिच्या घराण्याला शोभेल अशी गझल. आता ती सिनेमात ऐका. सुलभा महाजन, म्हणजे स्मिता पाटील, सुखवस्तू घर सोडून महिला सुधारगृहाची अधीक्षक होते. तिथेही तिला जागा नाही आणि परत आल्यावर घरातही नाही. लताबाईंच्या आवाजात तेच शब्द येतात तेव्हा ती सुनी मैफल म्हणजे काय, हे बदलून गेलेलं असतं. प्रियकर जवळजवळ बाजूला पडतो, एक अख्खं आयुष्य समोर उभं राहतं. शब्द एकही न बदलता कवितेचा अर्थ हलवायची ही ताकद प्रसंगात असते. ज्यांनी गझल आधी वाचली होती त्यांनाही ती नव्याने सापडली, आणि ज्यांनी वाचली नव्हती त्यांना गझल नावाचा प्रकार मराठीत आहे हेच मुळी तिथे कळलं.

अर्थात याची किंमतही मोजावी लागते. सिनेमा कवितेला चेहरा देतो आणि मग तो चेहरा पुसता येत नाही. गाण्याच्या लांबीत बसत नाहीत म्हणून कडवी गळतात, आणि गळलेली कडवी कायमची जातात; कवीच्या चाहत्यांनाही पुढे गाण्यातलीच तेवढी आठवतात. ‘मलमली तारुण्य माझे’ हे भटांचं गाणं सी. रामचंद्रांनी ‘घरकुल’साठी, १९७० च्या सुमारास, इतकं मोहक बांधलं की ते वाचताना आशाबाईंचा आवाज आड येतोच येतो. कवींच्या याबद्दलच्या तक्रारी रास्त आहेत. मी तरी सौदा फायद्याचा मानतो.

त्याचा पुरावा म्हणून मी नेहमी ‘निवडुंग’ पुढे करतो. १९८९ चा हा चित्रपट. कथा सांगा म्हटलं तर भलेभले अडखळतील. पण त्याच्या ध्वनिफितीत हृदयनाथ मंगेशकरांनी काय काय ठेवलं होतं ते पाहा: सुरेश भटांचं ‘केव्हातरी पहाटे’, आरती प्रभूंचं ‘तू तेव्हा तशी’, आणि ग्रेस. ग्रेस! ज्यांच्या कवितेपुढे मराठीचे प्राध्यापकही जपून पाऊल टाकतात ते ग्रेस एका व्यावसायिक चित्रपटाच्या कॅसेटवर. ‘घर थकलेले संन्यासी’ मला पूर्ण कळली आहे असं मी कधी म्हणणार नाही, पण ऐकताना अंगावर काटा येतो हे शपथेवर सांगेन. कॅसेटच्या दुकानात ही फीत सिनेमाच्या खणात लागायची, भावगीतांच्या नव्हे. म्हणून ती घेणारा माणूस वेगळा होता, आणि म्हणूनच ग्रेस अशा घरांत पोचले जिथे त्यांचा संग्रह कधीच पोचला नसता.

रंगभूमीच्या बाबतीत हाच खेळ पुढे २०१५ मध्ये झाला. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ चं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं लेखन, जितेंद्र अभिषेकींचं संगीत, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. सुबोध भाव्यांनी त्याचा चित्रपट केला तेव्हा खाँसाहेबांसाठी आवाज दिला वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी. जुनी पदं होतीच; त्यात शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी घातली, आणि त्यातल्या ‘अरुणि किरणि’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नाट्यसंगीत म्हटलं की नाक मुरडणारी कॉलेजची मुलं ‘घेई छंद’ मोबाइलवर लावून फिरू लागली. चित्रपटासाठी लिहिलेलं ‘सूर निरागस हो’ तर गणेशोत्सवात असं काही रुळलं आहे की आणखी वीस वर्षांनी ते मूळ नाटकातलंच होतं असं कुणी ठासून सांगितलं तर मला नवल वाटणार नाही. आठवल्यांची गादी रिकामी नाही. जुन्या पदांच्या नव्या ध्वनिमुद्रणात तालीम जरा जास्तच चकचकीत झाली आहे, वसंतरावांच्या गाण्यातला बेफिकीर धोका तिथे नाही, हे माझं मत मी लपवत नाही. ज्याला हे पटणार नाही त्याने मूळ ध्वनिमुद्रण शोधून ऐकावं. आणि ते शोधायची बुद्धी त्याला झाली तीही या चित्रपटामुळेच झालेली असेल.

शेजारच्या गोव्यातलं एक उदाहरण संग्रहात मुद्दाम घेतलं आहे. साठ-सत्तरच्या दशकांत क्रिस पेरी आणि लॉर्ना यांच्या कोकणी गाण्यांनी गोवेकरांना वेड लावलं होतं. मुंबईच्या स्टुडिओंत हिंदी गाण्यांसाठी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्या, पण तबकडीवर नाव न येणाऱ्या गोवेकर वादकांची ती पिढी. बारद्रॉय बार्रेटो यांच्या ‘नाचूंया कुंपासार’ने २०१४ मध्ये तीच गाणी पुन्हा गाऊन घेतली, त्यांच्याभोवती एक प्रेमकथा रचली, आणि कोकणी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. नातवंडांनी आजोबांची गाणी नवी म्हणून ऐकली.

चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये संभाजी भगतांची शाहिरी आहे, तिची नोंद स्वतंत्र लेखात आहे. ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला आणि करमाळ्याकडच्या प्रेमकथेत पाश्चात्त्य सिंफनीचे व्हायोलिन वाजले, तेही तिथेच. ‘झिंगाट’वर नाचणाऱ्याच्या कानांवर त्याच कॅसेटमधून, चुकलो, त्याच यादीतून, कित्येक शतकांची युरोपीय परंपरा पडून गेली.

हल्ली मात्र गाठ पडण्याची ती गंमत उणावत चालली आहे असं मला वाटतं. चित्रपटाच्या कितीतरी आधी गाणं बाहेर येतं, त्याचा तुकडा रीळमध्ये फिरून फिरून झिजतो, आणि थिएटरात ते येतं तेव्हा ओळखीच्या जाहिरातीसारखं येतं. एकेकाळी गाणं लागलं की विडी ओढायला बाहेर जाणारी मंडळी असत; आता लोक जागेवर बसून फोन काढतात. दोघांचंही नुकसान सारखंच.

निवडीबद्दल दोन शब्द. हिंदी चित्रपटगीतं इथे घेतलेली नाहीत. मराठी माणसाच्या आवडीत त्यांचा वाटा मोठा आहे, पण ती घेतली असती तर मराठीला कोपरा मिळाला असता. अनुक्रम सालवार लावलेला नाही. अभंगाजवळ अभंग, कवितेजवळ कविता असा ठेवला आहे. गाण्यांचे पूर्ण शब्द न छापता प्रत्येक गाण्यासोबत त्याचा प्रसंग सांगितला आहे. फक्त एका चित्रपटाच्या बाबतीत हा नियम मोडला. १९७७ चा ‘जैत रे जैत’, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा. त्यातली ना. धों. महानोरांची आणि हृदयनाथांची गाणी एकेकटी वेगळी काढून पाहिली तेव्हा प्रत्येक गाणं सुरेख दिसलं, पण ठाकरांचा डोंगर, नाग्याचा ढोल, चिंधीचा हट्ट आणि राणीमाशी हे सगळं हातातून निसटलं. तिथे गाणी गोष्टीत पेरलेली नाहीत, गोष्टच गाण्यांतून सांगितली आहे. म्हणून त्या चित्रपटाला अख्खं प्रकरण दिलं आहे, आणि वाचकाने ते वाचण्याआधी चित्रपट पाहावा, निदान त्याची तबकडी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत मध्ये न उठता ऐकावी, अशी विनंती प्रकरणाच्या सुरुवातीला छापली आहे.